रंग थांबवायची खूण

१० जुलै

निशे, तू वही दिलीस त्याला आठवडा झाला आणि मी पहिलं पान आज लिहितोय. उशिराची माफी कर, पोरी. चष्मा सापडत नव्हता. शेवटी तांदळाच्या डब्यात निघाला.

खोली छान आहे. पोलादपूरहून जीपने तासभर, मग पायवाट. समोर डोंगर, खाली साळूबाईची वाडी. टेबलावर, मला ही नोकरी देणाऱ्या शौनकसाहेबांचा कॉम्प्युटर. डोंगरात पुरलेल्या खुंट्या हलल्या की तो सांगतो. काळ्या पडद्यावर दर दहा मिनिटांनी पाच ओळी येतात, चार वाड्यांची नावं आणि शेवटी ‘पाहणारा हजर’. म्हणजे मी. अक्षरं हिरवी असली तर ठीक. एखादं नाव लाल झालं की भोंगा वाजवायचा आणि त्या वाडीने शाळेत जायचं. वीर स्टेशनाबाहेर तीस वर्षं रिक्षा लावली, लाल-हिरवं मला कोण शिकवणार!

साळूबाई रोज सकाळी खालून ओरडते, रामजीबाबा, हिरवं हाय का? मी ओरडतो, हिरवं हाय गो! मग ती शेळ्या सोडते. म्हणते, तुमच्यापरीस माझा कोंबडा बरा, न विचारता ओरडतो. दिवसभरात माझ्याशी बोलणारी तेवढी एकच.

१३ जुलै

वरच्या वाडीचं नाव चुकीचं उमटत होतं. शौनकसाहेबांनी फोनवर सांगितलं, फाइल उघडा, नाव तेवढं नीट करा. केलं. सातवी नापास असलो तरी जमलं. लाल रंगाच्या ओळीच्या शेपटाला चौकोनी कंस, शून्य, एम असा काही कचरा लोंबत होता, तोही पुसून टाकला. आता कसं स्वच्छ दिसतं.

१७ जुलै

चार वाड्यांपैकी मधला कोंड लाल. भोंगा वाजवला, माणसं शाळेत गेली. पण त्याच्याखालची नावंही लाल, माझी ओळसुद्धा लाल. पुढच्या फेरीत पाचही. सगळ्या वाड्या शाळेत.

शौनकसाहेब फोनवर म्हणाले, लाल झाल्यावर रंग थांबवायची एक खूण असते, ती गेली की पुढचं सगळं लालच उमटतं. काका, फाइलमधलं काही पुसलंत का? मी नाही म्हणालो. नोकरी जाईल निशे, मग परत जावयांच्या दोन खोल्यांत अडचण होऊन राहायचं. ते म्हणाले, मग खरंच सगळं हललंय. कुणाला परत वाडीत सोडू नका, रस्त्यावरची दरड काढली की येतो.

१९ जुलै

फोन बंद. खूण परत लिहिली. कंस, शून्य, एम. ती नुसतीच पडद्यावर उमटते, तीही लाल. तिच्याआधी आणखी काहीतरी होतं. आठवत नाही.

साळूबाई शाळेतून वर आली. शेळ्या दोन दिवस दावणीला उपाशी. म्हणाली, खरं सांगा बाबा, माझी वाडी लाल हाय? पडद्यावर लालच होती. पण ती लाली माझ्या हातची, असं मला वाटलं. म्हणालो, हिरवं हाय गो, जा.

ती गेली. बारा वाजता डोंगर — आवाजही नाही आला फार. नुसती छपरं दिसेनात.

२० जुलै

शाळेतल्या माणसांना पलीकडच्या गावात नेलं. मलाही बोलावलं. गेलो नाही. पाहणारा हजर.

भिंतीचा चुना लाल. वाटीतली पेज लाल. डोळे तीनदा धुतले.

सकाळी खालून हाक आली, हिरवं हाय का? — तिथे नुसती माती आहे.

२१ जुलै

पेन निळं. अक्षरं लाल. मागची पानं पाहिली. ‘हिरवं हाय गो, जा’ इथवर शाई निळी. त्यापुढे सगळी —

२२ जुलै

दर दहा मिनिटांनी विचारते. आता जवळून. फरशीखालून. काय सांगू?

निशे, मी पुसलं. मीच. शौनकसाहेबांना विचार, कंसाच्या आधी काय होतं. लवकर कळव, पोरी, थांबवायची खूण लवकर कळव, नाहीतर हे असंच पुढे