भट्टीच्या किल्लीबाबत

मी, सुलेखा साहेबराव दांडगे, वय वर्षे एकोणसत्तर, धर्म बौद्ध, अविवाहित, निवृत्त चित्रकला शिक्षिका, मूळ गाव वैजापूर, राहणार मिसारवाडी, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकिलांच्या मते कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्या माझा पुतण्या राजकुमार याला द्याव्यात. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी त्याने रजा टाकून आठवडाभर माझ्या डोळ्यांत औषध घातले, ते मी विसरलेले नाही. मागची पत्र्याची शेड, तिच्याखालची जागा, आतली विजेची भट्टी, तिन्ही चाके आणि मातीचा सर्व साठा मात्र मातीघर महिला मंडळाच्या नावे करावा. तिथे दोन दुकाने काढायचे राजकुमारच्या मनात आहे. राजकुमार, रुसू नकोस. तू पाहुण्यांना ज्या कपांतून चहा देतोस आणि कुठून आणले ते सांगत नाहीस, ते याच शेडमधले आहेत.

ही शेड कशासाठी, तेही लिहून ठेवते. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका सिडकोत धुणीभांडी करतात. चिनी मातीचे भांडे म्हणजे त्यांच्या लेखी दुसऱ्याच्या घरी जीव मुठीत धरून घासायची वस्तू. फुटले की बोलणी खायची. स्वतःच्या घरी स्टीलचा पेला. निवृत्तीनंतर मी भट्टी आणली तेव्हा वस्तीतले लोक हसले. पहिल्या दिवशी चारजणी आल्या, त्यांत आवडाबाई होती. मातीचा गोळा हातात धरून ती म्हणाली, "बाई, ह्यो कप माझ्या हातनं बिघडला तर कुणी बोलनार नाय ना?" मी म्हटले, "तुझा कप, तुला कोण बोलणार?"

चाराच्या चाळीस झाल्या. मी त्यांना शिकवले असे लोक म्हणतात. खरे सांगायचे तर सकाळी उठायला कारण त्यांनी मला दिले. एकट्या बाईचे म्हातारपण त्यांनी इतके भरून टाकले की आजारी पडायलाही मला फुरसत मिळाली नाही. त्यांचे उपकार या कागदात मावणार नाहीत.

कलम २. बँकेतली ठेव मंडळाला, भट्टीच्या विजेच्या बिलासाठी. भांड्यांच्या रंगांची वही मंडळातल्या मेघाला. तिचा हिरवा रंग माझ्यापेक्षा सरस उतरतो. हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही, म्हणून इथे सांगते.

कलम ३. गुलमंडीच्या बाजारातल्या एका दुकानदाराने मी कॉलेजात असताना मला कपबशी हातात घेऊन पाहू दिली नव्हती. "लांबून बघा, हात लावू नका," म्हणाला. माझ्या आधी आलेल्या दोघी खुशाल हाताळत होत्या. तो आता हयात नाही. त्याच्या घरचे कोणी मंडळात आलेच, तर त्यांना प्रत्येक भांडे हातात घेऊ द्यावे आणि चहाही पाजावा. माझा राग एवढ्यावरच मिटतो.

कलम ४. माझ्या देहासमोर त्रिशरण पंचशील म्हणावे, एवढे पुरे. हार आणू नयेत. भाषणे करायची झाली तर बसून करावीत, म्हणजे लवकर आटपतील.

कलम ५. भट्टीच्या दाराची किल्ली आवडाबाईला द्यावी. कारण सांगणे भाग आहे.

नऊ वर्षांपूर्वी एका कंपनीचे लोक मंडळाला मदत द्यायची की नाही ते ठरवायला येणार होते. आदल्या दिवशी भट्टी लावली होती. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत निवायला हवी होती. पाहुणे सकाळी अकरालाच आले, सोबत फोटोवाला. मला मदतीचा मोह झाला आणि मी गरम भट्टीचे दार उघडले. गार हवा आत शिरली आणि कप टणटण तडकू लागले. पुढच्या फळीवर आवडाबाईचे अकरा होते. एकही वाचला नाही.

कंपनीच्या साहेबांनी विचारले, हे कशाने झाले. मी म्हणाले, "बायका नव्या आहेत, माती नीट मळली जात नाही." जाणत्या माणसाने खोटे लगेच ओळखले असते, पण तिथे जाणती मी एकटीच होते. आवडाबाई चहाचा ट्रे घेऊन मागे उभी होती. तिला बोलणारी शेवटी मीच निघाले. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. बोलवायला गेले तर म्हणाली, "माझ्या हाताला माती लागत नाय, बाई." तेव्हाही मी खरे सांगितले नाही. मंडळाला मदत मिळाली, दोन चाके आली. मी भट्टीच्या दाराला कुलूप लावले, लहान मुलांसाठी म्हणून. ते खरे माझ्यासाठी होते.

आवडाबाई, तुझ्या हातात काही खोट नव्हती. मला माफ कर.

पुरवणी. वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. यमुनाबाई, माझी शाळेतली जुनी सहकारी, चष्मा काढून म्हणाल्या, "हे तू गेल्यावर वाचायचं? मग तिनं भांडायचं कुणाशी?" त्याच दुपारी दोघी आवडाबाईच्या घरी गेलो आणि मी कलम पाच तिच्यासमोर वाचले.

तिने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "नऊ वरसं, बाई. भाकर तव्यावर मोडली तरी मला वाटायचं, हातातच खोट हाय." माफ केले असे ती म्हणाली नाही, मीही पुन्हा मागितले नाही. थोड्या वेळाने तिने हात पुढे केला. "तुम्ही मेल्यावर किल्ली घिऊन काय करू? आत्ता द्या."

मी दिली. ती आमच्याबरोबर शेडमध्ये आली. भट्टी सकाळीच बंद केली होती. तिने दाराजवळ तळहात धरला आणि म्हणाली, "अजून गरम हाय. उद्या."

सबब, किल्ली आता माझ्या मालकीची नसल्याने कलम पाचमधले तिचे दान रद्द समजावे. त्या कलमातला बाकीचा मजकूर तसाच ठेवावा. तो येत्या शनिवारी मंडळात, सगळ्या बायकांसमोर, मी स्वतः उभी राहून वाचणार आहे.

ठिकाण : मिसारवाडी, छत्रपती संभाजीनगर
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५

सही : सुलेखा साहेबराव दांडगे

लिहून देणारीने आमच्यासमोर सही केली आणि आम्ही तिच्यासमोर :
१. यमुनाबाई देशपांडे, निवृत्त शिक्षिका, सिडको
२. कडुबा म्हस्के, वायरमन, मिसारवाडी