उलट्या पिळाचा दोर

प्रिय तामोत्सु,

माझं नाव किनु. तुझ्या बापाची आई. ओसाकाच्या कारखान्यात गेल्यावर माणूस काय काय विसरतो कोण जाणे, म्हणून आधीच ओळख दिली. पत्र पोस्टमास्तरांची बायको फुसाए लिहून घेते आहे. शिव्या ती गाळते. तेव्हा जिथे वाक्य थंड लागेल, तिथे तूच गरम करून वाच.

यंदा सात घरांतून फिरत सात वर्षांनी झऱ्यावरच्या देवळाचा दोर वळायची पाळी आपल्या घरची. तुला तसं कळवलं, तर तू टपालाने प्लास्टिकचा दोर पाठवलास! वर चिठ्ठी, ‘आजी, दहा वर्षं टिकेल.’ अरे, देवाने टिकाऊ माल मागितला होता का? दर वर्षी नवा पेंढा, नवा दोर, एवढंच तर त्याचं मागणं.

त्या सात घरांचा म्होरक्या कुमागोरो मात्र खूश. दोर लगेच देवळाच्या दारावर बांधून आला आणि मला म्हणतो, “वहिनी, कटकट मिटली. तसाही तुमच्या घरात पुरुष नाही, अन् बाईच्या हातचा दोर देवाला चालत नाही.” लढाईत साती घरचे पुरुष गेले होते, तेव्हा दोर कोण वळत होतं, मांजरं? आम्ही सात बायका वळत होतो. परत आल्यावर हाच कुमागोरो त्या दोराखाली वाकून रडला होता. तुझा बाप आला नाही. देवाला त्याचा जाब मी अजून विचारते. पण दोर कधी चुकवला नाही.

परवा विळा घेऊन एकशे चाळीस पायऱ्या चढले आणि तुझा दोर कापून आणला. आता त्यावर लोणच्याचे मुळे वाळताहेत. त्या कामाला दहा वर्षं खुशाल टिको. कुमागोरो अंगणात येऊन ओरडून गेला, “डिसेंबरच्या अठ्ठावीस तारखेच्या आत तुमच्या घरचा दोर लागला नाही, तर तुमची पाळी कायमची बंद!”

पेंढा झोडून झाला. दोन्ही पेड वळून तयार आहेत, देवाच्या दोराचे, डावीकडच्या उलट्या पिळाचे. हात काही विसरलेले नाहीत. पण शेवटचा पीळ एकटीला घालता येत नाही. समोर बसून टोक ताणून धरणारं माणूस लागतं. त्या सातांतल्या पाच जणी गेल्या, सहावी मला ओळखत नाही. एवढ्यासाठी हे पत्र. पंचवीसला ये. तू फक्त टोक धर, वळणार मीच. आणि कोणी वळला ते कुमागोरोला तोंडावर सांगायचं. तुझ्याआधी ओसाकाच्या खारवलेल्या कोंबूची, त्या समुद्री शेवाळाची पुडी पाठव, भाताच्या गोळ्यांत घालायला. गोड मिठाईचं खोकं पाठवून सुटका करून घेऊ नकोस.

तुझीच, अजून जिवंत असलेली आजी,
किनु