पहिला पेला

मातुंबी डोंगर, १९७६

आजोबांस,

काल आपल्या गावात मी हातपंप सुरू केला. खोली बेचाळीस मीटर, पाणी तपासलेलं.

इथे घराण्याचं नाव सांगू नकोस, असं तुम्ही बजावलं होतं. जर्मनांविरुद्धच्या उठावात पणजोबांनी गोळ्या अडवणारं म्हणून मंतरलेलं पाणी पाजून माणसं त्यांच्या बंदुकांसमोर धाडली आणि स्वतः पळाले, असं तुम्ही लहानपणापासून ऐकलंत. म्हणून तुम्ही दार-एस-सलामला दुसऱ्याच नावाने राहिलात.

रिवाजाप्रमाणे पंप बसवणाऱ्याने पहिला पेला गावातल्या सर्वांत वृद्ध माणसाला द्यायचा. सोमोए आजींनी पेला घेण्याआधी विचारलं, "कुणाची गं तू?"

मी खरं नाव सांगितलं. आजींनी पेल्यात निरखून पाहिलं.

"मग ह्यानं गोळ्या अडतील का?"

"नाही आजी. जुलाब अडतील."

त्या खळखळून हसल्या. "बापरे, पाणीवाल्याची पणती आणि इतकं खरं बोलते!" मग पेला रिकामा करून म्हणाल्या, "तुझा पणजाही ते पाणी प्यायला होता. सर्वांत पुढे चालला. माझ्या बापाशेजारीच पुरलाय."

मी जागा पाहून आले. दोन ढिगारे आहेत, मध्ये हातभर अंतर.

हे पत्र मी टाकणार नाही. सत्तर वर्षं लपवलेलं नाव लपवायचं कारणच नव्हतं, हे कागदावर कळवता येत नाही. रविवारी येऊन तुम्हाला इथे घेऊन येईन.

तुमची,
तुकाए