दोनशे सत्त्याण्णव मिलिमीटर

३ जून, मंगळवार

परत आला! चौथ्यांदा!

कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायांवर चार वर्षं उन्हातान्हात हिंडून लिहिलेला माझा पीएचडीचा प्रबंध. भुजंग सरांनी तो टेबलावर ठेवला, ड्रॉवरमधून स्टीलची पट्टी काढली, पहिल्या पानावर लावली.

"दोनशे एकोणऐंशी मिलिमीटर. दोनशे सत्त्याण्णव पाहिजे, प्रीती."

पुढचं पान उलटलंसुद्धा नाही. म्हटलं, सर, बाजाराचं प्रकरण कसं वाटलं?

"आधी शिस्त, मंग संशोधन."

गाईड म्हणे! कापडाच्या दुकानात मीटर घेऊन बसले असते तर गिऱ्हाइकाचं तरी भलं झालं असतं.

५ जून

कॉम्प्युटरनं स्वतःच्या मर्जीनं लेटर साइज धरलीय. सरांना ए-फोर पाहिजे. प्रत्येक प्रकरणाची फाईल वेगळी. एक सुधारली की तक्ते दुसऱ्या पानावर सांडतात. डोकं उठलं.

८ जून, रविवार

आज मिथुनची दया आली— म्हणजे मिथुनला माझी. नवऱ्याला वर्षातून एकदा येते. लॅपटॉपवर एक टूल टाकून दिलं. आपण साध्या भाषेत लिहायचं, ते सगळ्या फायली एकदम सुधारतं.

"लिही त्याला— सगळी पानं ए-फोर कर, डावीकडं दीड इंच सोड."

लिहिलं. चहा उतू जायच्या आत झालं! पण भाजीच्या भावाचे मोठे तक्ते मी आडव्या पानावर घेतले होते, त्यानं तेही उभे केले. मेथी-पालक पानावर, कोथिंबीर कापली गेली!

"सांगितलं तेवढंच केलं त्यानं," मिथुन म्हणतो. "बराबर नवऱ्यासारखं!"

परत लिहिलं— आडवी पानं आडवीच ठेव, फक्त माप बदल. ऐकलं बिचाऱ्यानं. चार वर्षांत गाईडनं माझं इतकं कधी ऐकलं नाही.

११ जून

सरांनी चार ठिकाणी पट्टी लावली. चारही ठिकाणी पास! चेहरा असा खुलला, जणू त्यांनाच डॉक्टरेट मिळाली.

मंग म्हणाले, "आता हेच साडेपाच बाय साडेआठ इंचात करून दे. ग्रंथालयाला छोटी प्रत लागते. वर्डची फाईलच दे, पीडीएफ नको."

टूलला एक ओळ लिहिली, रात्रीच्या जेवणाआधी फाईल पाठवली. आमच्या ग्रंथालयात कपाटाला काच नाही, पण प्रत छोटी पाहिजे!

आणि प्रबंध जमा करायला लागणारी त्यांची सही? "करू ना. जल्दी काय आहे?"

१९ जुलै

सही न्हाई. आज सर "लेखनात व्यग्र" होते. कोणाच्या, देव जाणे.

४ सप्टेंबर, गुरुवार

कळलं कोणाच्या.

ग्रंथालयातल्या बेबीनंदाताईंनी हाक मारली. दार लोटून घेतलं आणि एक पुस्तक हातात दिलं. "उद्या प्रकाशन आहे म्हणे याचं. बघ बाई, हे तुझंच आहे का?"

मुखपृष्ठावर भाजीची टोपली. खाली— डॉ. भुजंग. साडेपाच बाय साडेआठ.

तिथंच खुर्चीवर बसले. माझे तक्ते, माझ्या बाया, माझी वाक्यं. पानं मीच मापून दिली होती, स्वतःच्या हातानं! मंग घरी आणून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. एक शब्द बदललेला नाही. एकही!

संध्याकाळी सरांचाच फोन. "उद्या शिक्षक दिन. शिष्या म्हणून तूच दोन शब्द बोल. चांगलं दिसतं. नंतर सहीचं बघू."

मिथुन म्हणतो, "गप बस. चार वर्षं पाण्यात जातील. सही होऊ दे, मंग भांडू."

बरोबर आहे त्याचं. झोप येत नाही.

५ सप्टेंबर

बोलले. स्वतःचा एक शब्द नाही. म्हटलं, सरांच्याच पुस्तकातला उतारा वाचते. हॉल भरलेला, सर हार घालून प्रसन्न. वाचलं—

"ऊन लागून मी बाजारातच खाली बसले. दुर्गाबाईनं वांग्याचं पोतं सारून जागा केली. म्हणाली, 'अगं, पोटुशी बाई तू, अशी उन्हात काय हिंडून राह्यलीस?' मला तेव्हा सातवा महिना लागला होता."

आधी मागच्या रांगेतून हसू आलं. मंग सगळीकडून. प्रमुख पाहुण्यांनी माईक ओढून घेतला— "भुजंगराव, सातवा महिना? तुम्हाला?"

सर घाईघाईनं पुस्तक उघडून ते पान शोधत होते. माझं लिहिलेलं वाचायला बसले— पहिल्यांदा!