आजीबद्दल काय बोलायचं

५ फेब्रुवारी
आजीचे दिवस झाले. रामकुंडावरून आल्यावर आईने तिची कॉट आवरली, गादी गच्चीत उन्हात टाकली. रडली नाही.
दुपारी नामपूरच्या शाळेतून फोन. आजी तिथे मुख्याध्यापिका होती. गावात अजून 'मोठ्या बाई'च म्हणतात. सोळाला शोकसभा. घरचं कुणीतरी बोलावं, असं त्यांचं म्हणणं. मामा लगेच म्हणाला, "प्राजक्ता बोलेल." म्हणजे मी. आईला कुणी विचारलंच नाही.

८ फेब्रु.
भाषणाची सुरुवात जमत नाही. करारी, शिस्तप्रिय... हे तर सगळ्यांबद्दलच म्हणतात. मला आठवते ती पेपर तपासणारी आजी. नापास होणाऱ्या पोरीचा पेपर परत पहिल्यापासून वाचायची. "कुठेतरी लिहिलं असेल गं हिने."

१० फेब्रु.
सुमनताई आल्या होत्या, सकाळच्या एसटीने, नामपूरहून. आजीच्या विद्यार्थिनी. आता सरकारी दवाखान्यात सिस्टर आहेत. नववीत असताना त्यांचं लग्न ठरलं होतं. आजी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली, वडील शेतातून येईपर्यंत. चहाला हात लावला नाही. "पोरगी उद्या वर्गात दिसू द्या," एवढंच म्हणाली. पोरगी दिसली.
निघताना फोटोपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "बाई व्हत्यात म्हणीसन मी शे." बाई होत्या म्हणून मी आहे, असं.
आई चहाचे कप उचलत होती. तशीच आत गेली. नंतर विचारलं, काय झालं?
"सुमन माझ्या लग्नात पंगतीला वाढत होती."

११ फेब्रु.
मेथी निवडता निवडता आईने सांगितलं. तिलाही नर्सिंगला जायचं होतं. बारावीला मार्क चांगले होते. त्याच वर्षी आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. पोरीचं लग्न माझ्या डोळ्यांदेखत व्हायला हवं, असा त्यांनी हट्ट धरला. स्थळ चांगलं होतं, म्हणजे बाबा. गावातल्या इतक्या बापांशी भांडलेली आजी, घरात गप्प बसली.
"तू काही बोलली नाहीस?"
"मला वाटलं, आई बोलेल."

१२ फेब्रु.
शेवटी शेवटी आजी आईला ओळखत नव्हती, विद्यार्थिनी समजायची, हे मला ठाऊक होतं. बाकीचं आज कळलं. आई अंघोळ घालायला लागली की विचारायची, "बारावी झाली ना तुझी? मग पुढे काय?"
आई म्हणायची, "बघू, बाई."
"बघू काय? वडलांना पाठव माझ्याकडे."
आई हे हसत सांगत होती. मला ऐकवेना.
सभेत सांगू का, म्हणून विचारलं. म्हणाली, "तुझी आजी. तुला वाटेल ते बोल." यात हो की नाही, कळत नाही.

१६ फेब्रु.
नामपूर. कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत अडकलो, सभेला कसेबसे पोचलो. आई पुढे बसली नाही. मागे, सुमनताईंशेजारी. मी पेपरांचं सांगितलं, ओट्याचं सांगितलं. मग आईचं सांगायला गेले, तर समोर नववी-दहावीच्या पोरी मांडी घालून बसलेल्या, माझ्याकडे बघत. थांबले. 'सगळ्यांनी शिकत राहा' असलं काहीतरी बोलून खाली बसले. स्वतःचाच राग आला.
परतताना देवळा गाव मागे पडलं. मग आई म्हणाली, "मध्येच थांबलीस. माझं सांगणार होतीस?"
"हो."
"सांगायचं मग."
मी गाडी कडेला घेतली.
"सुमनने माझा हात धरून ठेवला होता," आई म्हणाली. "वाटत होतं, उठावं. पण उठून काय म्हणायचं? शाळेत मी कधी तुझ्या आजीला आई म्हटलं नाही. बाईच म्हणायचे. बाईंबद्दल माझी काही तक्रार नाही गं."
पदर सारखा केला. म्हणाली, चल.

२१ फेब्रु.
शाळेतून परत फोन, या वेळी आईला. दहावीच्या पोरींच्या निरोप समारंभाला याल का, दोन शब्द बोलायला? सुमनताईंनी नाव सुचवलं म्हणे.
"कळवते," म्हणाली.
संध्याकाळी कपाट उघडून साड्या बघत होती. मी दारात उभी राहिले, तर म्हणाली, "जायचं काही ठरलं नाही अजून." एक साडी मात्र बाहेर काढून ठेवलीय. आजीची नाही. तिची स्वतःची.