गुंड्याच्या वाटणीचं खोबरं

४ मार्च, सकाळ
मुलगी तिचा कुत्रा, गुंड्या, रविवारपर्यंत आमच्याकडे ठेवून गेली आहे. दिवसभर हिच्या पायात पायात. मी हाक मारली की भिंतीकडे बघतो. लहानपणापासून मुलगीही हिचीच. निदान कुत्रा तरी माझा व्हावा. संकल्प: रविवारी मुलीच्या डोळ्यांदेखत तो माझ्या हाकेला आला पाहिजे.

संध्याकाळ
हिने नारळ फोडला. गुंड्या समोर लाळ गाळत बसला. मार्ग सापडला.

५ मार्च
पण कुत्र्याला खोबरं चालतं का? ही म्हणाली, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन करा. मी म्हटलं, पस्तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. प्रयोग आधी स्वतःवर. गुंड्या आठ किलो, मी ऐंशी. त्याच्या दोन तुकड्यांना माझे वीस. साधं त्रैराशिक.
वीस खाल्ले. तब्येत ठणठणीत.

६ मार्च
वीस. जबडा दुखतो. भाजीसाठी ठेवलेलं खोबरं कुठे गेलं, असं हिने तीनदा विचारलं. घरात विज्ञानाला किंमत नाही.
गुंड्याला हाक मारली. उठला! पाणी प्यायला गेला. प्रगती आहे.

७ मार्च
वीस. शिवाय करवंटीची चाचणी. कडा चावून पाहिली. दाढेचा टवका उडाला. नोंद: करवंटी देऊ नये. दाढ तशी जुनीच होती.

८ मार्च, ६.१०
पोटात गुडगुड.
६.२५. परत.
६.४०. परत. गुंड्या बाथरूमच्या दाराबाहेर बसून होता. काळजीने असावा. (ही म्हणते, त्याचा चेंडू आत राहिला होता.)

दुपार
डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लंत. सांगितलं. का खाल्लंत. तेही सांगितलं. बराच वेळ चष्मा पुसत होते. महिनाभर खोबरं बंद.
तेवढ्यात हिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. दोन मिनिटं. लहानसा तुकडा कधीतरी चालतो, जास्त झालं तर पोट बिघडतं, करवंटी आणि शेंडी मुळीच नको. म्हणजे माझेच निष्कर्ष! फक्त मी ते अनुभवाने मिळवले.

९ मार्च, रविवार
मुलगी आली. नखाएवढा तुकडा पुढे धरून हाक मारली. गुंड्या आला! सरळ माझ्याकडे, शेपूट हलवत. मला भरून आलं. मुलीकडे बघून घेतलं.
त्याने तुकडा अलगद दातात धरला, स्वयंपाकघरात गेला, हिच्या पायाशी ठेवला आणि हिच्याच तोंडाकडे बघत बसला. ही म्हणाली, खा. मग खाल्ला.
मुलगी हसता हसता खालीच बसली. मी काही घडलंच नाही असं दाखवत ताटलीतला एक तुकडा उचलला. ही म्हणाली, तुम्ही नाही.
ठेवला.