दोरीच्या आतली जागा

चिक्कडपल्ली, हैदराबाद
२३ नोव्हेंबर १९९७

ती. दादा,

आईला, तुम्हाला आणि वहिनींना नमस्कार. इकडे सगळं बरं आहे. थंडी पडू लागली. भामाने रजया उन्हात घातल्या आहेत. तुमचं पत्र दिवाळीतच आलं होतं, उत्तराला उशीर झाला. अक्षर वाकडं दिसेल. टेबलाचा एक पाय आखूड आहे.

तुम्ही विचारलंत, त्रिवेणीला खरंच त्या कामात घातलंस का. बी.एस्सी. झालेली मुलगी सिनेमाच्या सेटवर स्फोट करते, हे लातूरला कुणाला सांगायचं कसं. पुण्याच्या स्थळाबद्दलही वाचलं. मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे, माणसं चांगली आहेत, आणि मुलीने हे काम सोडलं तर पुढे बोलू म्हणतात.

उत्तर देतो, पण आधी काम सांगायला हवं. मी मराठीत एम.ए. करून स्टुडिओत गेलो तेव्हापासून तुम्ही लोकांना 'उमाजी ऑफिसात आहे' असं सांगत आलात. मी ऑफिसात कधीच नव्हतो. मी खड्डे खणतो, त्यात दारू भरतो, वर भुसा आणि माती घालतो, तारा ओढतो. दिग्दर्शक म्हणाला की बार उडवतो. पडद्यावर जीप उडते, पूल पडतो. माझ्या बाराने आजवर कुणाच्या अंगाला ओरखडा आला नाही. हे मी अभिमानाने लिहितो. तुम्ही वाचून पुढे जाऊ नका, एकदा थांबा.

याचं कारण आमची एक रीत आहे. माझे उस्ताद इथल्या धूलपेटेचे, पिढीजात आतषबाजीवाले. ते म्हणायचे, ज्याचा बार त्याची छाती. नटाला जिथे उभं राहायचं असेल तिथे आधी मास्टरने, म्हणजे बार लावणाऱ्याने, उभं राहायचं आणि तेवढाच बार स्वतःच्या शेजारी उडवून घ्यायचा. कानात कापूस, तोंड उघडं. धूर ओसरला की मास्टर हसत बाहेर येतो, मग नट निर्धास्त उभा राहतो. म्हणजे प्रत्येक बार मी दोनदा घेतला, एकदा जवळून, एकदा लांब, बटणांच्या बोर्डापाशी. पूर्वी बार लहान असायचे. घरोघर केबल आली, लोक परदेशी स्फोट बघू लागले, आणि प्रोड्यूसर इकडच्या अदबीने म्हणू लागले, मास्टरगारू, अजून मोठा.

टेबलाचा पाय आखूड नाही, दादा.

गेल्या वर्षापासून हाताला सांगितलेलं हाताला उशिरा कळतं. शर्टाची बटणं भामा लावते. अंधारात पाऊल टेकलं की नाही, ते खाली बघून ठरवावं लागतं. कधी शब्द समोर असतो आणि सापडत नाही. मराठीच्या माणसाला याची लाज वाटते. एकदा दिग्दर्शकाने 'ॲक्शन' म्हटलं, मी ऐकलं, आणि माझं बोट क्षणभर थांबलं, मग बटण दाबलं गेलं. नट तोवर खड्ड्याकडे निघाला होता. तो एक पाऊल पुढे असता तर, हा विचार मी कुणापाशी बोललो नाही. त्रिवेणी माझ्याबरोबर वायरिंगला होती. तिने पाहिलं होतं.

तीच मला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर सत्यवती म्हणून आहेत, मज्जातंतूंच्या. नवं मोठं मशीन आलं आहे, त्यात घालून डोक्याचे फोटो काढले. फोटोत फारसं काही दिसलं नाही. मी उठायला लागलो तर त्या म्हणाल्या, "बैठिए मास्टरगारू. नहीं दिखा, मतलब नहीं है, ऐसा नहीं."

मग त्यांनी समजावलं. स्फोटाचा दाब भिंतीवर आपटतो तसा अंगावर थांबत नाही, आत शिरतो. मेंदूचे काही भाग घट्ट, काही मऊ. ते एका वेगाने हलत नाहीत, आणि मधले निरोप नेणारे तंतू ताणले जातात. हे तंतू केसाहून कितीतरी बारीक आणि लांब. ते बहुधा तिथल्या तिथे तुटत नाहीत. तंतूच्या आत सामान वाहून नेणाऱ्या नळ्या असतात, त्या मोडतात. सामान मोडल्या जागी अडतं, तंतू तिथे फुगतो, आणि काही तासांनी, काही दिवसांनी तुटतो. माणूस तोवर घरी येऊन जेवलेला असतो.

मी विचारलं, हे माझ्यात झालंय हे नक्की का? त्या म्हणाल्या, मोठ्या स्फोटांचं युद्धांतून कळलं आहे. असे लहान, पुन्हा पुन्हा घेतलेले बार कुणी नीट अभ्यासले नाहीत. मी शपथेवर सांगणार नाही. पण तुम्ही यापुढे एकही घेऊ नका.

भामा म्हणाली, "आजवर दुसऱ्याच्या जागी उभे राहिलात. आता आपल्या जागी बसा."

बोर्ड त्रिवेणीने घेतला. मी खुर्चीवर बसायचं आणि दारूचं प्रमाण सांगायचं, असं ठरलं. तिने पहिल्याच दिवशी खड्ड्याभोवती दोरी ओढली. तारा जोडल्या की दोरीच्या आत कुणी नाही. नटाची जागा दोरीबाहेर. कॅमेरामनला म्हणाली, लांबची लेन्स लावा, अंतर जवळ दिसेल. तो कुरकुरला, पण त्याने लावली.

शहराबाहेर खडकांत शूटिंग होतं. हिरोच्या जागी उडी घेणारा यादगिरी माझा जुना माणूस. तो दोरीपाशी येऊन थांबला.

"मास्टर नई ठैरे तो मैं कैसा ठैरूं?"

त्याचं चुकत नव्हतं. मीच त्याला असं शिकवलं होतं. मी खुर्चीवरून उठलो, दोरी ओलांडली आणि जुन्या जागी जाऊन उभा राहिलो. कापूस नव्हता. तोंड उघडलं. खरं सांगतो दादा, बरं वाटलं. युनिट बघत होतं.

बार होईना. मी वळून पाहिलं. त्रिवेणीने बॅटरीच्या तारा काढून मुठीत धरल्या होत्या.

"बाबा, तुम्ही आत आहात."

"उडव. रीत आहे ती."

"असू दे."

दिग्दर्शक ओरडला, ऊन चाललंय. कुणीतरी हसून म्हणालं, मास्टरगारूला घरून परवानगी नाही. मला राग आला. मी म्हणालो, त्रिवेणी, मी सांगतोय. ती जागची हलली नाही. आवाजही चढवला नाही.

"माझ्या हातून तुमच्यावर बार होणार नाही. संध्याकाळपर्यंत उभे राहा, मीही इथेच आहे."

मी उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. तिचा हात पाहत होतो. त्या वयात माझा हात इतका स्थिर नव्हता, आणि इतक्या लोकांसमोर नाही म्हणणं मला आजही जमलेलं नाही. प्रोड्यूसर अजून मोठा म्हणाला की मी दारू वाढवत आलो. मग मी खाली बघत, एकेक पाऊल टेकवत बाहेर आलो. दोरीशी यादगिरीने हात दिला. तो माझ्याकडे बघून मान हलवत होता.

"बाप के वास्ते बार रोकी. मेरे वास्ते बी रोकती."

मग म्हणाला, "चलो मास्टर, बोलो, किधर ठैरना?"

मी सवयीने तोंड उघडलं. तो माझ्याशी बोलत नव्हता, त्रिवेणीकडे बघत होता.

शॉट एका फटक्यात झाला.

तर पुण्याच्या लोकांना कळवा की मुलगी काम सोडणार नाही. मी तिला विचारलं आहे, आणि तिने सोडलं असतं तर मला वाईट वाटलं असतं. ऑफिसात आहे असं मात्र तिच्याबद्दल कुणाला सांगू नका. ती काय करते ते नीट सांगा, आणि त्यांनी ऐकून पुढे बोलायचं ठरवलं तर तिला आधी सांगा, मला नंतर. या बाबतीत मी तिच्या हाताखाली आहे.

माझ्या तब्येतीचं आईला सांगू नका. तुम्हाला सांगितलं ते पुरे. हे पत्र लिहायला आठवडा लागला. भामा लिहून देते म्हणाली होती, पण हे माझ्याच हाताने जायला हवं होतं.

तुमचा धाकटा भाऊ आणि त्रिवेणी मास्टरचा बाप,
उमाजी